रात्री शेतात, गच्चीवर, बाजेवर: आभाळात न कळणारं काही पाहिलंय का?

धुऱ्यावरून

परवा भाऊ पुण्याहून आला आणि जेवताना पुन्हा तीच गोष्ट निघाली. सात वर्षं झाली, घरात अजून एकमत नाही. म्हटलं, इथे लिहावं आणि तुमचंही ऐकावं.

२०१८, डिसेंबरचा पहिला आठवडा. आमचं शेत आर्वी तालुक्यात. आजीचा जुना नवस होता, म्हणून शेतात रोडगे केले, म्हणजे निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. भावकीतले पंधरा-वीस जण जेवून नऊ वाजता बंडीने आणि मोटरसायकलींनी गावात परतले. आम्ही पाच जण थांबलो: बाबा, आई, आजी, मी आणि धाकटा भाऊ. कारण त्या आठवड्यात विजेची लाईन रात्रपाळीची होती, दहाला यायची. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. आजीला घरी जा म्हटलं तर म्हणे, "नवस माह्या, अन् मीच घरी जाऊन झोपू?"

अमावस्येच्या आसपासची रात्र. स्प्रिंकलर सुरू झाले होते. पाईप सरकवून माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली, थंडीने दात वाजत होते. रोडग्यांच्या आरात अजून धग होती, तिच्यावर आईने चहा ठेवला. अकरा वाजले असतील. भाऊ म्हणाला, "बाबा, ते काय आहे?"

उत्तरेला, धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) आंब्याच्या वर, तीन दिवे. नारिंगी. फुललेली गोवरी असते ना आतून, तसा रंग. लुकलुकत नव्हते. आवाज नाही. एक वर, दोन खाली. हलत नव्हते, किंवा इतके हळू हलत होते की कळत नव्हतं. बाबा म्हणाले विमान. आई म्हणाली, तीन विमानं एका जागी उभी राहतात का? आजीने हात जोडले आणि काही बोललीच नाही. मोत्या भुंकला नाही, बाजेखाली जाऊन बसला. (तो थंडीनेही बसत असे. पण त्या रात्री बसला, हे सगळ्यांना पक्कं आठवतं.)

मग डावीकडचा विझला. मावळला नाही, विझला. थोड्या वेळाने दुसरा. तिसरा बराच वेळ टिकला.

किती वेळ चाललं हे सगळं? बाबा म्हणतात अर्धा तास. भाऊ म्हणतो पाच मिनिटं. आईचं म्हणणं, चहा उतू जाऊन आर विझेपर्यंत. तेवढं एकच मोजमाप मला विश्वासाचं वाटतं.

फोटो नाही. भावाकडे फोन होता, त्यात काळ्या पडद्यावर तीन ठिपके आले, तेही फोन बदलताना गेले.

तुमचं सांगा. भुताखेताचं असेल तरी चालेल, पण स्वतः पाहिलेलं.

अकोटची

स्टारलिंक! आम्हीपण पाहिलं आहे. गच्चीवर पापड वाळत टाकायला पहाटे उठलो होतो, आभाळातून मुंगळ्यांची रांग निघालेली. एकामागे एक, पन्नासेक तरी. सासूबाई म्हणाल्या, दिंडी चालली. नंतर पुतण्याने मोबाईलवर दाखवलं की उपग्रह सोडले की पहिले काही दिवस ते असे रांगेत दिसतात, मग वर चढतात, पांगतात.

झाडीपट्टी

स्टारलिंकची पहिली साठची खेप मे २०१९ मध्ये उडाली. धागावाले २०१८ चं सांगतात. शिवाय त्यांचे दिवे उभे होते. म्हणजे ते नाही.

आता माझं. मी सिंदेवाही तालुक्यातला. आमच्याकडचं तर पेपरात आलं, टीव्हीवर आलं, पण पाहणाऱ्याचं वेगळंच असतं.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. दिवसभर पुरणपोळी खाऊन अंगणात बाजा टाकल्या होत्या. उन्हाळा सुरू झालेला, घरात बसवत नव्हतं. पावणेआठ-आठचा सुमार. वायव्येकडून एक लाल रेघ आली. मला वाटलं तारा तुटला. पण तारा तुटतो तो 'अरे' म्हणेपर्यंत संपतो. ही रेघ संपेना! पुढे मोठा गोळा, मागे त्याचे तुकडे, प्रत्येक तुकड्याला स्वतःची शेपटी, आणि सगळं एकाच चालीने, रांग न मोडता, आग्नेयेकडे. मिरवणूक जावी तसं. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती एवढंच म्हणाली, "आवाज कुठे गेला?" आजही ते वाक्य आठवलं की कसंतरी होतं, कारण एवढं मोठं काही जात असताना आवाज हवा असं आपल्यालाही वाटतंच.

युक्रेनचं युद्ध नुकतंच सुरू झालेलं. शेजारचा म्हणे क्षेपणास्त्र. एक म्हणे विमान जळत पडलं. बायकांनी पोरं घरात ओढली. अर्ध्या तासात फोन आला की लाडबोरीला आभाळातून लोखंडाची रिंग पडली. मी दुसऱ्या दिवशी गेलो. रिंग पोलीस ठाण्यात नेऊन ठेवली होती. बंडीच्या चाकाच्या दुपटीहून मोठी, तीनेक मीटर व्यासाची, वजन चाळीस किलोच्या आसपास सांगत होते. आजूबाजूच्या गावांत गोलही सापडले, काळपट धाग्याने गुंडाळल्यासारखे. पुढे इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. उपग्रहांच्या हालचालींवर नजर ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल म्हणाले की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता आणि आमच्या पाडव्याला उतरला.

उल्का आणि हे यात फरक वेगाचा. उल्का सेकंदाला अकरा ते सत्तर किलोमीटरने शिरते, म्हणून क्षणात संपते. कक्षेतून गळलेला कचरा सात-आठ किलोमीटरने, आणि तिरका येतो. त्यामुळे अख्खं आभाळ ओलांडायला त्याला वेळ लागतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर घाबरलो नसतो असं मात्र नाही. चाळीस किलो कोणाच्या कौलावर पडलं नाही, एवढंच.

शंकेखोर

विझवायला आलो नाही, पण थोडं विचारतो. धागावाल्यांनी दिशा सांगितली, वेळ सांगितली, हे फार कमी लोक करतात. उंची किती होती? हात लांब करून मूठ धरली की मूठभर म्हणजे साधारण दहा अंश. आंब्याच्या शेंड्यापासून किती मुठी वर?

आणि 'हलत नव्हते' याच्यावर माझा भरवसा नाही. तुमच्यावर आहे, डोळ्यांवर नाही. काळोखात एकट्या दिव्याकडे टक लावली की स्थिर दिवा हलतो असं वाटतं आणि हलणारा थांबला असं वाटतं. शेजारी झाडाचा शेंडा किंवा विजेचा खांब ठेवून पाहावं.

स्वानुभव सांगतो, हसू नका. कॉलेजात असताना संध्याकाळी कारंज्याहून गावी जात होतो, मोटरसायकलवर. पश्चिमेला मोठा पांढरा दिवा, माझ्याबरोबर चाललेला. मी थांबलो की थांबे. मी चार किलोमीटर त्याच्या मागे, माझं वळण सोडून, भलत्याच गावाच्या रस्त्याने गेलो. क्षितिजाजवळ येऊन तो लाल-हिरवा चमकायला लागला तेव्हा तर मी गाडीच बंद केली. एक म्हातारा बैल घेऊन येत होता. त्याला म्हटलं, बाबाजी, ते काय? म्हणे, "शुक्र होय. तू कोनाचा?"

मेळघाटचे गुरुजी

माझी पहिली नेमणूक धारणी तालुक्यातल्या एका पाड्यावर. मी मूळचा दर्यापूरचा, सपाट खारपाणपट्ट्यातला. डोंगर आयुष्यात नीट पाहिलेला नव्हता. मार्चचा शेवट. शाळेच्या वऱ्हांड्यात झोपायचो. रात्री जाग आली तर आभाळात एक लाल माळ, मध्ये तुटलेली, वाकडीतिकडी, तारकांच्या मधोमध लटकलेली. खाली काळोख, वर चांदण्या, मध्ये ही माळ. थोडी थोडी सरकत होती.

सकाळी मुलांना विचारलं तर कोरकू पोरं एकमेकांना ढकलून हसत सुटली. तो डोंगर होता. अमावस्येला डोंगर दिसत नाही, मला आभाळ तिथपर्यंत खाली आल्यासारखं वाटत होतं. आणि माळ म्हणजे वणवा. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, ती आग कधी कधी पसरते. पोरांनी आठवडाभर मला 'आभाळवाले गुरुजी' म्हटलं. पुढे वणवा विझवायला हातात ओल्या फांद्या घेऊन त्यांच्या बापांबरोबर मीही गेलो. जवळून ती माळ वगैरे काही नसते, नुसता धूर आणि ठसका.

जुना वाशीमकर

तुम्ही सगळे परवाचं सांगता. आम्ही आभाळाकडे पाहून जागलो ते जुलै १९७९ मध्ये, स्कायलॅब पडणार म्हणून. सत्त्याहत्तर टनांची अमेरिकेची प्रयोगशाळा, कुठे पडेल ते कोणालाच सांगता येईना. रेडिओवर रोज. आमच्या गावात दोघांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, मरायचंच आहे तर. एकाने उधारी फेडली नाही, त्याच कारणाने.

त्या रात्री ढग होते. एक चांदणी दिसली नाही. ११ जुलैला ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडलं. उधारीवाला नंतर दोन महिने पारावर आला नाही.

बाकी आभाळातून पडलेल्या वस्तूचं आम्हाला काय सांगता, लोणार आमच्या शेजारी. जवळजवळ दोन किलोमीटरचा खड्डा, तोही बेसाल्टच्या काळ्या पाषाणात. तो दगड येताना पाहायला कोणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर इथे शंभर प्रतिसाद आले असते.

धुऱ्यावरून

शंकेखोर, बाबांना मूठ धरायला लावली. आंब्यापासून दोन मुठी वर. आई म्हणते तीन. शुक्र नाही, तो मध्यरात्री उत्तरेला कसा येईल? आणि तीन कुठून आणू? आमच्या उत्तरेला डोंगरही नाही.

डेकोरेशनवाला

मी लग्नाचं डेकोरेशन करतो, मोर्शीकडे. धागा पहिल्या ओळीपासून वाचला आणि नारिंगी, न लुकलुकणारे, एकामागे एक विझले, इथेच थांबलो. भाऊ, हे उडते आकाशकंदील आहेत. कागदाची पिशवी, खाली तारेची किंवा बांबूची रिंग, मध्ये मेणात बुडवलेला चौकोनी बोळा. आतली हवा तापली की उचलतो. बोळा जळतो पाच-सात मिनिटं, फार तर दहा. ज्या क्रमाने सोडले त्या क्रमाने विझतात. वरातीत फटाके संपले की पोरं हेच सोडतात. मीही सोडायचो. एकदा एक कंदील जळत्या बोळ्यासकट गंजीजवळ उतरला, तेव्हापासून बंद केलं. गंजीवाल्याने काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता 'उभे का होते' ते. वाऱ्याने तुमच्या बाजूने किंवा उजवी-डावीकडे नेले असते तर सरकताना दिसले असते. पण वारा त्यांच्याकडून सरळ तुमच्याकडे असेल तर कंदील तुमच्याच तोंडावर येतो, आणि तोंडावर येणारी वस्तू जागेवर उभी दिसते. लांबून येणाऱ्या ट्रकचा दिवा आठवा. तर प्रश्न एकच: त्या रात्री वारा उत्तरेचा होता का?

शंकेखोर

हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

अकोटची

सात वर्षांपूर्वीचा वारा कोणाला आठवतो हो?

धुऱ्यावरून

मलाही तसंच वाटलं होतं. तरी काल आजीला फोन केला. आता तिला ऐकू कमी येतं, दोनदा ओरडून विचारलं: आजी, त्या रोडग्याच्या रात्री वारा कुठला होता?

म्हणाली, "वारा मले काय मालूम. धूर माह्या डोळ्यात जाऊन राह्यला होता एवढं मालूम. मंग मी उठली अन् पलीकडून, हिरीच्या अंगानं बसली."

आर गोठ्यापुढे होता. विहीर त्याच्या उत्तरेला. म्हणजे आजी दक्षिणेला बसली होती आणि धूर तिच्याकडे येत होता. डेकोरेशनवाले दादा, तुमचा वारा उत्तरेचाच.

आजीला सांगितलं की ते कुणाच्या वरातीतले कंदील होते. ती थोडा वेळ गप्प. भाऊ इतकी वर्षं पुण्यात ऑफिसात ही गोष्ट ऐकवतो, त्याला कसं सांगायचं या विचारात मी होतो. तेवढ्यात आजी म्हणाली, "कंदील त कंदील. पण तीन कुठी? चार होते. पहिला इझला तवा तुम्ही सारे चहापाशी वाकून राह्यले होते."

इतकी वर्षं बोलली का नाहीस, विचारलं.

"कोनं इचारलं होतं मले?"