ई-चालानची एपीके फाईल आलीय, काय करू?

नवखा_सातारकर: काकांच्या नंबरवरून फॅमिली ग्रुपवर "आरटीओ चालान" नावाची एपीके फाईल (म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाईल) आलीय, आईने टॅप केलं पण इन्स्टॉल नाही केलं, काही होईल का?

चहाबाज: इन्स्टॉल केलं नसेल तर टेन्शन नको, डिलीट करा. खरं चालान परिवहनच्या साईटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं, एपीकेत कशाला येईल! असली ॲपं एसएमएसची परमिशन घेतात आणि मग ओटीपी परस्पर वाचतात.

मीनाताई: काकांना आधी फोन कर, मेसेज नको, तो चोरच वाचत बसला असेल. त्यांचं नेट बंद करून ॲप काढा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

नवखा_सातारकर: काकांनी इन्स्टॉल केलंय 😐 काकूंच्या फोनवरून बँकेला लावतायत. ग्रुपवर पण टाकतो, गुड मॉर्निंगच्या गर्दीत कुणाला दिसलं तर.