मदत हवी आहे: व्हर्च्युअल वायफाय ड्रायव्हर दर दुसऱ्या कर्नलला मोडतो

नमस्कार मंडळी,

लिनक्स कर्नलच्या झाडाबाहेर (म्हणजे अधिकृत सोर्स कोडबाहेर) एक छोटा व्हर्च्युअल वायफाय ड्रायव्हर मी सांभाळतोय. खरं हार्डवेअर नाहीच. एक स्टेशन, एक ॲक्सेस पॉइंट, आणि फ्रेम मेमरीतूनच इकडच्या तिकडे. ड्रायव्हर थेट सीएफजी८०२११ वर, म्हणजे कर्नलच्या वायफाय सांभाळणाऱ्या थरावर, बसतो. ‘एचडब्ल्यूसिम (कर्नलमधलाच नकली वायफाय ड्रायव्हर) वापर की’ असं सांगणाऱ्यांसाठी आधीच: तो मॅक८०२११ वर, म्हणजे सीएफजी८०२११ च्या खालच्या थरावर, चालतो, आणि मला नेमका तोच थर वगळून तपासायचं असतं.

कर्नल ५.१० वर लिहिला तेव्हा गोडीगुलाबीने चालला. ५.१७ मध्ये डिव्हाइसचा पत्ता कॉन्स्ट (थेट न बदलता येणारा) झाला, ५.१८ मध्ये आलेलं पॅकेट वर पाठवणारं नेटिफ-आरएक्स-एनआय हे फंक्शन गेलं. पुढे वायफाय ७ च्या मल्टी-लिंकपायी (एकाच वेळी अनेक जोडण्या) ६.० मध्ये ॲक्सेस पॉइंट थांबवणाऱ्या स्टॉप-एपीला आणि ६.१ मध्ये की-कॉलबॅकना (कॉलबॅक म्हणजे कर्नल बोलावतो ते ड्रायव्हरचं फंक्शन) लिंक-आयडी चिकटला. ६.७ ला चेंज-बीकन, ६.१३ ला मॉनिटर चॅनल, हे कॉलबॅकही बदलले. हे सगळं परवडलं, कारण कंपायलर निदान ओरडतो तरी.

छळलं ते ५.१२ ने. बिल्ड निमूट झाला, पण ‘आयडब्ल्यू’ या वायफायच्या कमांडने नवा इंटरफेस जोडला की कमांड लटकायची. दोन रात्री घालवल्यावर कळलं: त्या कॉलबॅकमध्ये शिरताना वायफी-लॉक (वायफाय उपकरणाचं कुलूप) आधीच घेतलेलं असतं, आणि इंटरफेस नोंदवणारं माझं साधं रजिस्टर-नेटडिव्हाइस तेच लॉक पुन्हा मागायचं.

आता खरा प्रश्न. एका एंटरप्राइज डिस्ट्रोचा (कंपन्यांसाठीच्या लिनक्स वितरणाचा) कर्नल स्वतःला ५.१४ म्हणवतो, पण वायरलेसचा कोड पुढच्या आवृत्त्यांतून आणून बसवलेला. माझ्या आवृत्ती तपासणाऱ्या इफ-एल्सच्या माळेची तिथे पार वाट लागते. डिस्ट्रोगणिक नवी अट घालत बसू का?

उत्तर १
आवृत्ती विचारूच नका, हेडरला (फंक्शनांच्या घोषणा असलेल्या फाइलला) विचारा. मेकफाइलमधून चार ओळींचा तुकडा त्याच कर्नलच्या हेडरवर कंपाइल करून बघा. जमला तर मॅक्रो लावा. हेडरमध्ये नुसता मजकूर शोधणाऱ्या ग्रेपच्या नादी लागू नका, घोषणा दोन ओळींत मोडली की फसतं. मुख्य कोड फक्त नव्यात नव्या एपीआयसाठी (कर्नल पुरवतो त्या फंक्शनांसाठी) लिहा, जुन्याची ठिगळं एकाच कंपॅट (जुळवणीच्या) हेडरमध्ये. तुमचं लॉकचं प्रकरणही यात बसतं: सीएफजी८०२११-रजिस्टर-नेटडिव्हाइस हे फंक्शन ५.१२ पासूनच आहे. ते सापडलं तर तेच वापरायचं.

उत्तर २
वर म्हटलंय त्याला जोड: दर आरसी-१ वर (नव्या कर्नलच्या पहिल्या चाचणी-आवृत्तीवर) बिल्ड लावून ठेवा. एपीआयची मोडतोड बहुतेक मर्ज विंडोतच (आरसी-१ आधी नवा कोड घेतला जातो त्या काळात) होते, त्यामुळे पक्की आवृत्ती येईपर्यंत काही आठवडे हाताशी राहतात. आणि नुसता बिल्ड नको. व्हर्च्युअल मशीनमध्ये लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा कर्नलचा तपासनीस) चालू ठेवून इंटरफेस जोडा-काढा.

धागाकर्ता
स्टॉप-एपीची चाचणी लिहिली, ५.१४ वाल्या त्या कर्नलवर पहिल्या फटक्यात बिल्ड झाला! लॉकडेप मात्र आता इंटरफेस काढतानाही कुरकुरतोय. तिथेही अनरजिस्टरची सीएफजी८०२११ वाली जोडी लागणार, बहुतेक. आज रात्री बघतो.