मदत हवी आहे: माळव्यातली शेती महाराष्ट्रात माणसांनी नेली का?
नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे. रविवारी महेश्वरला गेलो, नावेतून पलीकडे नावडातोलीला उतरलो, तिथे डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया यांनी १९५० च्या दशकात खोदकाम केलेलं, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा जळका गहू निघाला होता. आता तिथल्यासारखीच लाल, काळ्या नक्षीची माळवा भांडी महाराष्ट्रातल्या दायमाबाद-इनामगावच्या उत्खननातही सापडली आहेत, मग इथली माणसं कुटुंबकबिल्यासकट दक्खनला गेली की फक्त बियाणं अन् कुंभारकाम हातोहात पोचलं? युरोपात तर जुन्या हाडांच्या डीएनएवरून कळलं की अनातोलियाचे (आजच्या तुर्कस्तानातले) शेतकरी स्वतःच सरकत गेले. भाचीला प्रोजेक्टला हेच हवंय (आणि खरं सांगू, मलाच जास्त). इनामगावच्या घरांखाली रांजणांत पुरलेल्या मृत बाळांवरून काही ठरतं का? पुण्यातलं कोणी डेक्कन कॉलेजवालं असेल तर प्लीज सांगा, सोपं वाचायलाही सुचवा.