किंगचे हात आणि एफिमोवाचं सोनं

काठावरचा:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "2019 ला ग्वांगजूच्या जागतिक जलतरण स्पर्धेत रशियाच्या एफिमोवाला 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सोनं मिळालं, ते अमेरिकेच्या किंगला हीटमध्येच, म्हणजे प्राथमिक फेरीतच, बाद केलं म्हणून. क्षुल्लक कारणावरून शर्यतीचा जीव घेतला." उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोच.

क्षुल्लक? ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच क्षणी भिंतीला लागले पाहिजेत, हे पहिल्या स्पर्धेला उतरणाऱ्या पोरांनाही घोकून घेतात. एक हात पाण्यावर, दुसरा पाण्याखाली असला तरी चालतं. क्षण तेवढा एकच हवा. किंगचे हात पहिल्याच वळणावर, 50 मीटरला, मागेपुढे लागले. अमेरिकेने दाद मागितली, ती फेटाळली गेली.

शिवाय किंग असती तर जिंकलीच असती हे कुठून आलं? 100 ची ती राणी, वादच नाही. पण 200? 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीतसुद्धा नव्हती. 2017 ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत 2:22.11 मध्ये चौथी, एफिमोवा 2:19.64 मध्ये पहिली. ग्वांगजूत एफिमोवाने 2:20.17 लावली आणि दुसरी आलेली शूनमाकर 2:22.52. इतकं पाणी मध्ये असताना "फुकटचं सोनं" म्हणायला जीभ कशी वळते?

चौथी लेन:
ती पोस्ट माझी. "कुणीतरी" काय, नाव घ्यायचं की सरळ. आणि "फुकटचं" हा शब्द तुमचा, मी तसं लिहिलेलंच नाही. मी म्हटलं शर्यतीचा जीव गेला. गेलाच! तीन दिवस आधी 100 च्या अंतिम फेरीत किंग 1:04.93, एफिमोवा 1:05.49. सगळे 200 ची वाट बघत होते आणि हिशेब हीटमध्येच आटोपला. बुडापेस्टचे आकडे दोन वर्षं जुने आहेत. माणूस दोन वर्षांत सुधारत नाही का?

ओला टॉवेल:
नियमांवर एवढं प्रेम असेल तर डॉल्फिन किकबद्दलही बोला की, दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखी मारतात ती. 2004 ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये ब्रेस्टस्ट्रोक जिंकणाऱ्या जपानच्या किताजिमाने ती मारली म्हणून अमेरिकेच्या पीअरसोलने केवढा दंगा केला! मग 2005 ला काय केलं? एक किक कायदेशीरच करून टाकली. 2012 ला दक्षिण आफ्रिकेच्या व्हॅन डर बर्गने लंडन ऑलिंपिकचं सोनं जिंकल्यावर स्वतः कबूल केलं की जादा किक मारल्या. सोनं त्याच्याकडेच. आणि किंगचा हात इकडचा तिकडे झाला की घरी जा!

काठावरचा:
ती पुरुषांची शर्यत. इथे विषय काय चाललाय?

ओला टॉवेल:
बायकांची देतो, घ्या. इटलीची पिलातो. ग्वांगजूला 50 मीटरमध्ये किंगच्या मागे रौप्य, वय 14. मे 2021 ला 50 चा विश्वविक्रम, 29.30. आणि दोनच महिन्यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये 100 च्या हीटमध्ये किकवरून बाद. म्हणजे कुणाला दिसतं, कुणाला दिसत नाही. सगळा नशिबाचा खेळ.

वळणाचा पंच:
मी वर्षानुवर्षं लेनच्या टोकाला उभा राहिलोय, म्हणून बोलतो. टचपॅडला, म्हणजे भिंतीवरच्या वेळ नोंदवणाऱ्या पट्टीला, पहिला दाब कळतो, दुसरा हात कधी आला ते त्याला कळत नाही. ते माणसानेच बघायचं. शंका असेल तर फायदा पोहणाऱ्याला, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. चूक दाखवायला हात वर करणारा पंच खात्री असल्याशिवाय करत नाही.

बेडूकउडी:
पंचसाहेब, राहू द्या. माझ्या मुलीला अकराव्या वर्षी "हात एकत्र लागले नाहीत" म्हणून बाद केलं. तिच्या लेनसमोरचे पंच त्या वेळी शेजारच्या माणसाशी गप्पा मारत होते. मी पाच फुटांवर होते, डोळ्यांनी पाहिलंय. पोरगी गाडीत एक शब्द बोलली नाही. पुढचे सहा महिने भिंत जवळ आली की तिचा वेग कमी व्हायचा. तुमची खात्री तुमच्यापाशी.

वळणाचा पंच:
ताई, तो पंच चुकला असेल. म्हणून ग्वांगजूचाही चुकला?

बेडूकउडी:
असं मी म्हटलं नाही. पण "खात्री असल्याशिवाय" हे वाक्य माझ्यासमोर नको.

चौथी लेन:
मूळ मुद्दा सगळे टाळताय. एफिमोवा 2013 ला डीएचईए या बंदी असलेल्या औषधाच्या चाचणीत सापडली, 16 महिने बंदी. तिच्या सोन्याची बाजू घेऊन नियमांचं कीर्तन? किंगने रिओत तिच्याकडे बघून नकाराचं बोट हलवलं ते बरोबरच होतं. आणि ती आपल्यांनाही सोडत नव्हती. उत्तेजकांपायी बंदी भोगलेला धावपटू गॅटलिन अमेरिकेच्या संघात नको, असं तिथेच जाहीरपणे म्हणाली.

काठावरचा:
बंदी भोगून परतली की विषय मिटतो, नाहीतर बंदीला अर्थ काय? आणि लिथुआनियाच्या मेलुटिटेला तुम्हीच डोक्यावर घेता ना? तीन उत्तेजक चाचण्या चुकवल्या म्हणून तिच्यावर दोन वर्षांची बंदी होती. 2023 ला फुकुओकाच्या जागतिक स्पर्धेत तिचा 50 मीटरचा 29.16 चा विक्रम झाला तेव्हा तुमचे बदामच बदाम होते. आपला तो बाब्या!

चौथी लेन:
चाचणी चुकवणं आणि शरीरात औषध सापडणं एकच? शुद्धीवर आहात का?

काठावरचा:
शुद्धीवर आहे म्हणूनच आकडे देतोय. तुम्ही फक्त उसासे टाकताय.

ओला टॉवेल:
भांडा. पण डॉल्फिन किकला उत्तर कुणी दिलेलं नाही.

वळणाचा पंच:
देतो. पाण्याखाली काय चाललंय ते काठावरून धड दिसत नाही. हात भिंतीला लागतात ते आमच्या पायाखाली, म्हणून हात पकडले जातात आणि किका सुटतात. हा अन्याय आहे, कबूल. पण एक चोर सुटला म्हणून दुसऱ्यालाही सोडा, हा कुठला न्याय?

चौथी लेन:
ठीक. किंगचे हात मागेपुढे लागले, हे मान्य. खूश? पण त्या अंतिम फेरीत ती शेजारी असती तर एफिमोवा 2:20 च्या आत गेली असती, हे माझं म्हणणं कायम. नुकसान एफिमोवाचंही झालं.

काठावरचा:
हे पहिल्यांदाच कामाचं बोललात. हेच काल लिहिलं असतंत तर मी रात्री झोपलो असतो.

बेडूकउडी:
मुलगी आता फ्रीस्टाइल करते. एक हात लागला तरी भागतं.