मदत हवी आहे: टॅरो आणि पिअर काउन्सेलिंग एकत्र ठेवू की वेगळं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी अशोक चौकाजवळ राहते. दिवसा अकाउंट्सचं काम, आणि गेलं वर्षभर दर रविवारी टॅरो, म्हणजे भविष्याचे चित्रांचे पत्ते, बघते. त्यासोबत पिअर काउन्सेलिंग. डिग्री नाही, हे आधीच सांगून टाकते. घटस्फोट आणि डिप्रेशनच्या गोळ्या दोन्ही पाहिलेत, त्या नात्याने समोरच्याचं ऐकून घेते, एवढंच. ४५ मिनिटांचे १५० रुपये; ज्याला झेपत नाही त्याने जमेल ते द्यावं.

गोची अशी की लोक पत्त्यांच्या निमित्ताने येतात आणि बोलतात भलतंच. "काउन्सेलिंगला जाते" म्हटलं की घरचे "डोकं फिरलंय का" विचारतात. "पत्ते बघायला जाते" म्हटलं की आईच म्हणते, माझंपण विचारून ये. म्हणून टॅरो सोडवत नाही. पण काहीजणी दर रविवारी तेच घेऊन येतात: "तो परत येईल का? परत एकदा काढा की ओ." माझी गड्डी मऊ पडली. ७८ पत्त्यांत 'बास कर आता' असं एकही पान नाही.

दुसरं. मागे दोन मुलगे जोडीने आले होते. 'लव्हर्स'चं पान निघालं. माझी गड्डी रायडर-वेट, १९०९ सालची चित्रं, पामेला कोलमन स्मिथची. त्यात एक पुरुष, एक बाई, वर देवदूत. एकजण हसत म्हणाला, "हे आमचं नाही वाटतं." मी म्हटलं, पान निवडीचं आहे, चित्रावर जाऊ नका. पण ओशाळले. "सगळ्यांसाठी" म्हणून सांगत फिरायचं आणि पुढ्यात हे ठेवायचं! त्यात चित्र उघडंनागडं. विड्या वळणाऱ्या मावश्या आल्या की ते पान मी ओढणीखाली सरकवते.

तर वेगळी गड्डी घेऊ का? दोन्ही कामं वेगळ्या वेळी ठेवू का? आणि बसायचं कुठे? घरी बाबा असतात, हुतात्मा बागेत दोन मिनिटांत कोणीतरी ओळखीचं निघतं. तेलुगू, मराठी चालते, कानडी मोडकीतोडकी.

—

कडक_भाकरी: ताई, वेळ वेगळी ठेवलीत तर बोलायच्या वेळेला कुणी फिरकणार नाही. पत्ते पहिली १५ मिनिटं, मग गड्डी डब्यात. तोच प्रश्न तीन महिने परत बघायचा नाही, हे पैसे घ्यायच्या आधी सांगा. आणि दैवी शक्ती, आजार बरा करते, गोळ्या बंद करा, असलं चुकूनही बोलू नका. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

जुळे_सोलापूरकर: जीव द्यायची भाषा कुणी केली तर पत्ते बाजूला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ तिथल्या तिथे लावून द्या. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. एकटं सोडू नका. जागेचं म्हणाल तर शिकवणीवाल्यांच्या खोल्या रविवारी दुपारी रिकाम्या असतात, तासावर विचारून बघा. येणाऱ्यालाही बरं, शिकवणीच्या जिन्यात कोण कुणाला विचारतंय.

धागाकर्ती: जिन्याचं सुचलंच नव्हतं! १४४१६ आत्ताच पाठ केला. तीन महिन्यांचा नियमही या रविवारपासून. फक्त "परत काढा की" म्हणणाऱ्यांत पहिला नंबर माझ्या मावसबहिणीचा आहे. ती पैसेपण देत नाही. तिला काय सांगू?