रामश्टाईनचं 'मॉस्काऊ' : स्तुती की टोमणा?

वर एकाने लिहिलंय की रामश्टाईन या जर्मन मेटल बँडचं 'मॉस्काऊ' हे गाणं म्हणजे मॉस्कोचं गुणगान आहे आणि त्यात रशियन ओळी उगाच घुसडल्यात. अहो कसलं गुणगान! सुरुवातीलाच 'जगातल्या सगळ्यात सुंदर शहराचं गाणं' असं सांगून टाकतात खरं, पण पुढे जर्मन कडवी नीट ऐकली (माझं जर्मन ए-टू या प्राथमिक पातळीच्या पुढे गेलेलं नाही, तरी एवढं कळतं) तर ते शहर म्हणजे वय झालेली, थोराड, सोन्याच्या दातांची, जुन्या कातडीवर पावडर थापणारी वेश्या आहे आणि तिला पैसे मोजावे लागतात, तरी हा बाबा तिच्यावर फिदा. तिच्या कपाळावरचे लाल डाग म्हणजे गोर्बाचेव (सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते, त्यांच्या कपाळावर तसाच डाग होता) असं बरेच जण म्हणतात, मलाही पटतं.

आणि रशियन 'उगाच घुसडलंय' हे तर अजिबातच नाही पटलं. बँडचे सहाही जण पूर्व जर्मनीतले, तिथे शाळेत रशियन सक्तीचं होतं, त्यामुळे २००४ च्या अल्बममध्ये ते येणं साहजिकच. गंमत बघा, बँडचा गायक टिल लिंडेमान त्याच्या खर्जात 'मॉस्काऊ' म्हणतो आणि रशियन ओळी गाणारी बाई 'मस्क्वा', कारण लिहायचा ओ पण जोर नसला की बोलायचा अ, एकाच शहराची दोन नावं समोरासमोर भिडतात. वर ते 'राज़, द्वा, त्री' म्हणजे एक दोन तीन, आणि लेनिनची गाणी म्हणणारे पायोनियर (म्हणजे कम्युनिस्ट बालसंघटनेतली मुलं), अगदी शाळेतली कवायतच! मला तर जर्मनपेक्षा तोच रशियन भाग जास्त आवडतो.