हातच्याची वजाबाकी मोबाइलवर शिकता येते?

सातपुड्याची_बाई: काल एका सरांनी लिहिलं, "शिक्षक प्रशिक्षण कायमचं ऑनलाइन करा, पैसे वाचतील. मुलांच्या प्रगतीत काडीचा फरक पडत नाही." वाचून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

२०२०-२१ मध्ये निष्ठाचे, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षक प्रशिक्षणाचे, १८ कोर्स दीक्षा या सरकारी ॲपवर केले. सगळी प्रमाणपत्रं फाइलला आहेत. तरी माझी तिसरीची पोरं ४२ वजा १७ बरोबर ३५ लिहायची. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन! मी आपली 'शेजारच्याकडून उसना घे' घोकून घ्यायचे. पुढे केंद्रावरच्या प्रशिक्षणात बाईंनी माझ्या हातात दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या. "सतरा द्या." एक गठ्ठा दिला, आणि सातासाठी हात अडला. रबर सोडावंच लागलं. आठ वर्षं शिकवत होते, पण वर्गात एकाही पोराला तो गठ्ठा सोडू दिला नव्हता. माझा अडलेला हात मोबाइलला दिसला असता का?

खानदेशी_मास्तर: बाई, अनुभव खरा, निष्कर्ष घाईचा. मी केलेल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणांत पीपीटी वाचून दाखवली आणि चार वाजता सह्या घेतल्या. राज्यावर सांगितलेलं तालुक्याला येईपर्यंत पाव उरतं. व्हिडिओ निदान सगळ्यांना सारखा पोचतो. असर बघा, तो मुलांच्या वाचन-गणिताचा पाहणी अहवाल: देशात सरकारी शाळांतली दुसरीचा उतारा वाचणारी तिसरीची मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के, २०२४ मध्ये २३.४. ऑनलाइनच्याच काळात ना?

डीएड_९८: कोरोनात बंद पडलेल्या शाळा उघडल्या, त्याचं श्रेय व्हिडिओला कसं देता? दक्षिण आफ्रिकेत दोन्ही प्रकार शेजारी ठेवून तपासलेत. काही शाळांत मार्गदर्शक वर्गात जाऊन बसायचे, काहींत टॅब आणि फोनवरून सांगायचे. तीन वर्षांनी मुलांचं इंग्रजी बोलणं दोन्हीकडे सुधारलं, फोनवाल्यांचं कमी. वाचन मात्र फक्त पहिल्या गटाचं सुधारलं.

एकटा_गुरुजी: मार्गदर्शक वर्गात येतो म्हणे! आमच्याकडे मास्तरलाच वर्ग सोडून जावं लागतं. शाळा दोनशिक्षकी. सोबतचे सर पाच दिवस तालुक्याला गेले की पहिली ते चौथी एकाच व्हरांड्यात. वर पोषण आहाराच्या नोंदी, बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, रोज नवी लिंक. गेल्या खेपेला चौथीच्या पोरीला पहिलीचा वर्ग सांभाळायला लावला. लाज वाटली मला.

डीएड_९८: हा विषय वेगळा आहे.

एकटा_गुरुजी: वेगळा कसा? त्या पाच दिवसांत पोरांचं बुडालं ते कुठल्या खात्यात धरता? शहरात पंधरा जणांच्या स्टाफमध्ये बसून बोलायला काय जातंय!

डीएड_९८: नऊ वर्षं पाड्यावर काढलीत मी. मला शहर शिकवू नका.

तान्ह्याची_आई: भांडू नका. बाळ सात महिन्यांचं असताना मुक्कामी प्रशिक्षण मला शक्यच नव्हतं. जोडाक्षरांचा एक व्हिडिओ रात्री पाच वेळा मागे नेऊन पाहिला आणि वर्गात वापरला. पोरं वाचायला लागली.

सातपुड्याची_बाई: ताई, हे मानते. पुन्हा पाहता येणं ही मोठी सोय आहे. पण तुमचं चुकलं असतं तर सांगायला कोण होतं? गुरुजी, तुमचंही पटतं, नाइलाजानं. आम्हाला तालुक्याला बोलावण्यापेक्षा त्या बाईंनाच दोन दिवस आमच्या वर्गांत पाठवा.

खानदेशी_मास्तर: पाठवा की. बाई तुमच्या त्या बाईंसारख्या असतील तर मी ऑनलाइनचा हट्ट सोडतो. सह्या घेणारे आले तर परत इथेच येऊन भांडेन.

एकटा_गुरुजी: आधी माझ्या शाळेला तिसरा शिक्षक द्या.